मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण पुढचा आठवडा कोण बघणार?

आपल्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोणी ऑपरेशन मानतच नाही. गुडघा बदलायचा म्हटलं की अख्खं घर बसतं, तीन डॉक्टरांची मतं घेतली जातात, मुंबईचा भाचा फोनवर फोन करतो, मुलगी रजा टाकून येते, आणि मोतीबिंदू म्हटलं की "अगं काय नसतं त्यात, सकाळी जायचं न संध्याकाळच्या चहाला घरी". आणि खरंच आहे ते. पंधरा-वीस मिनिटांचं काम, बऱ्याचदा टाका नाही, भूल पण नुसती थेंबांची, आणि आपल्या देशात वर्षाला साठ लाखांच्या वर अशी ऑपरेशनं होतात, त्यातली बहुतेक सगळी नीट पार पडतात. त्यामुळे कोणाला घाबरवायला हे लिहीत नाहीये हे आधीच सांगते. ज्यांचं राहिलंय त्यांनी करून घ्या, "पूर्ण पिकू दे मग बघू" करत बसू नका, त्या पिकण्याची वाट बघण्यात आता काही अर्थ राहिलेला नाही.

मला बोलायचंय ते ऑपरेशननंतरच्या आठवड्याबद्दल. मी मेडिकल चालवते, आणि काउंटरच्या आतल्या बाजूने एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसतं ऐकलं तरी पोटात गोळा येतो. "ताई, आईचं परवा मोतीबिंदूचं झालं, डोळा जरा लाल वाटतोय, काहीतरी थेंब द्या ना." चिठ्ठी नसते. पेशंट बरोबर नसतो. बरं ऑपरेशन जिथे झालं ते हॉस्पिटल तीस-चाळीस किलोमीटरवर, तिकडे पुढची तपासणी सोमवारी किंवा मंगळवारी, मग तेवढ्यासाठी गाडी कशाला करायची असा सरळ हिशोब असतो. मी थेंब देत नाही, तिकडे फोन लावा म्हणते, आणि लोक रागावतात. पुढच्या चौकातल्या मेडिकलमध्ये मिळतात, मला माहितीये. तिथे जे मिळतं ते बहुतेक वेळा स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं असतं, त्याने लाली एक-दोन दिवस उतरते पण, घरचे म्हणतात बघ बरं वाटलं, आणि आत जे चाललंय ते चालूच राहतं.

आत काय चाललेलं असू शकतं तर डोळ्याच्या आतल्या भागात जंतू शिरलेले असू शकतात. डॉक्टर याला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. साधे डोळे येतात त्याच्याशी याचा काही संबंध नाही, ते बाहेरच्या बाजूला असतं, हे थेट आत, डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या समोर जी पारदर्शक जेली भरलेली असते तिच्यात. प्रमाण म्हणाल तर हजारात एखाद्याला, चांगल्या ठिकाणी त्याहूनही कमी. पण ज्याला होतं त्याच्यासाठी तास मोजायची वेळ येते, कारण त्या जेलीत रक्तवाहिन्याच नाहीत, शरीराची जंतूंशी लढणारी फौज तिथे लवकर पोचत नाही आणि पोटातून घेतलेली गोळी पण पुरेशी पोचत नाही. कोमट दुधात विरजण पडल्यावर सकाळपर्यंत जे होतं तेच इथे होतं, रात्री थोडंसं धूसर असतं आणि सकाळी सगळं लागलेलं असतं.

साधारण दुसऱ्या ते सातव्या दिवसात हे डोकं वर काढतं. (एक सुस्त प्रकार पण असतो, त्यातले जंतू आळशी, कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्रास देतात, डोळा सारखा लाल होतो, थेंब घातले की बरा, थांबवले की परत लाल. तो वेगळा विषय.) लक्षणं सांगायला सोपी आहेत, डोळा लाल, उजेड सहन होत नाही, दुखतो, पापणी सुजते, आणि दिसायचं कमी होतं. पण यातलं दुखणं हेच लोक धरून बसतात, दुखत नाहीये ना, मग काही नाही. अमेरिकेत या इन्फेक्शनवर एक मोठा अभ्यास झालेला, १९९५ मध्ये छापून आला, ४२० पेशंट होते, आणि त्यात जवळजवळ चौघांतल्या एकाला दुखतच नव्हतं. नजर धूसर मात्र शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांची झालेली. म्हणजे बघायचं असेल तर नजर बघा. ऑपरेशननंतर नजर रोज थोडी थोडी सुधारायला हवी. काल घड्याळाचे काटे दिसत होते आणि आज घड्याळ नुसतं गोल दिसतंय, तर मग डोळा दुखो न दुखो, लाल असो नसो, उठायचं आणि निघायचं.

आमच्या आत्याचं असंच झालं. सातारा जिल्ह्यातलं गाव, सत्तरी ओलांडलेली, शुगर आहे पण गोळ्यांवर, स्वभावाने अशी की ताप आला तरी "कायतरी आलंय अंगावर, जाईल" म्हणून भांडी घासत बसणारी. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, छान दिसत होतं, म्हणजे इतकं छान की वहिनीला म्हणाली "तुझ्या साडीचा रंग हा व्हय, मला वाटायचं चॉकलेटी हाय". मग दोन-तीन दिवसांनी रविवारी दुपारपासून डोळ्यातून पाणी, आणि समोर धूर झाल्यासारखं. वहिनी हुशार आहे, तिने दादाला विचारलंच नाही, मला फोन केला आणि मी म्हटलं टॉर्च मारून जवळून फोटो काढून पाठव.

तो फोटो मी अजून डिलीट केलेला नाही. डोळा लाल होता, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे बुबुळाच्या आत अगदी खालच्या कडेला एक पांढरट पट्टी होती, वरची कड एकदम सरळ, पट्टीने आखल्यासारखी आडवी. तो पू असतो. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जे पाणी असतं त्यात पू तयार झाला की बसल्या माणसात तो खाली साचतो आणि त्याची सपाट पातळी दिसते. प्रत्येक वेळी नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही, आत्याचा दिसला म्हणून बरं. मी दादाला म्हटलं आत्ता निघा. तो म्हणाला अगं रविवार आहे, उद्या तपासणी आहेच की. कार्डावरच्या हॉस्पिटलच्या नंबरला रिंग जात होती पण कोणी उचलत नव्हतं, आणि याचा मला आजही राग आहे, कारण त्याच कार्डावर मराठीत छापलेलं "त्रास झाल्यास त्वरित संपर्क साधावा". कोणाशी साधावा? वॉचमनशी?

शेवटी रात्री पुण्याला आणलं, पडद्याच्या डॉक्टरांकडे. हे पण सांगून ठेवते, अशा वेळी शक्य असेल तर पडद्याचा म्हणजे रेटिनाचा डॉक्टर गाठायचा, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना कळवायचं, म्हणजे केसपेपर आणि लेन्सची माहिती मिळते. तिथे तिला भिंतीवरचा तक्ता दाखवलाच नाही, डॉक्टरांनी तिच्या डोळ्यासमोर हात हलवला आणि विचारलं, "आजी, हात हलतोय का थांबलाय?" हलतोय म्हणाली. तेवढ्या उत्तरावर बरंच काही ठरतं हे मला नंतर कळलं. त्याच १९९५ च्या अभ्यासातून निघालेलं की हात हलताना दिसत असेल किंवा त्याहून बरं दिसत असेल तर आधी डोळ्यातून सॅम्पल घेऊन आत अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यावं, आणि फक्त उजेड-अंधार एवढंच कळत असेल तर लगेच ती जेली कापून काढायचं ऑपरेशन करावं, त्यांना त्याने जास्त फायदा होतो. आता मशिनं सुधारलीयेत, बरेच डॉक्टर त्याआधीच ते ऑपरेशन करतात, पण पहिला प्रश्न अजून तोच.

इंजेक्शन म्हणजे व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम. मेडिकलवाली असल्यामुळे मला यातला एक तपशील सोडवत नाही. व्हँकोमायसिनची व्हायल पाचशे मिलिग्रॅमची मिळते आणि डोळ्यात जातं एक मिलिग्रॅम, ते सुद्धा ०.१ मिलि पाण्यात. म्हणजे पातळ करायचं, त्यातलं थोडं घेऊन परत पातळ करायचं, आणि हे रात्री अकरा वाजता कोणीतरी न चुकता करायचं, कारण जास्त गेलं तर पडद्याला इजा आणि कमी पडलं तर जंतू मरत नाहीत. तिथल्या सिस्टर प्रत्येक सिरिंजला लेबल लावून, डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवून देत होत्या. मी दारातून बघत होते आणि पहिल्यांदाच जरा धीर आला.

आत्याचा डोळा वाचला. पूर्वीसारखा नाही. दोन-तीन दिवसांनी परत एक इंजेक्शन लागलं, मग महिना-दीड महिना थेंब. आता त्या डोळ्याने माणसं ओळखते, पैसे मोजते, बसची पाटी जवळ आल्यावर वाचते, सुईत दोरा नाही ओवता येत. डॉक्टर म्हणाले सोमवारपर्यंत थांबला असता तर हे बोलणं वेगळं झालं असतं.

दादा तोपर्यंत पेटलेला. हॉस्पिटलवर केस करतो, पेपरला देतो, वगैरे. मग कल्चरचा, म्हणजे सॅम्पलमध्ये कोणता जंतू वाढला त्याचा रिपोर्ट आला, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. हा जंतू आपल्या सगळ्यांच्या कातडीवर, पापण्यांच्या मुळाशी राहतो, माझ्या, तुमच्या, हे वाचताना तुम्ही डोळा चोळलात तर तुमच्या बोटावर पण. मोतीबिंदूनंतरच्या सुट्या सुट्या केसेसमध्ये सगळ्यात जास्त वेळा हाच सापडतो. त्याच दिवशी तिथे ऑपरेशन झालेल्या बाकीच्यांना काहीही झालेलं नव्हतं, हे दादानेच चौकशी करून काढलेलं. म्हणजे जंतू बहुतेक आत्याचाच होता. हे दादाला पटायला वेळ लागला आणि मला सुद्धा ते गिळायला जड गेलं, कारण कोणावर तरी राग काढता आला की बरं वाटतं. माझा राग मी फोन न उचलण्यापुरता ठेवलाय. तो रास्त आहे.

एकाच ठिकाणी एकाच दिवशीच्या पाच-दहा-पंधरा पेशंटना एकदम होतं तेव्हा गोष्ट पूर्ण वेगळी असते. तेव्हा जंतू पेशंटच्या पापणीतला नसतो, ओटीतला म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला असतो, आणि आपल्याकडे बऱ्याचदा तो स्युडोमोनास निघतो. याला ओल आवडते. डोळा धुवायला वापरतात त्या सलाइनच्या बाटलीत, मोतीबिंदू फोडून ओढून घेणाऱ्या फेको मशिनच्या आतल्या नळ्यांत, डोळ्यात घालायच्या निळ्या रंगात, हात धुवायच्या टाकीत, जिथे ओलावा तिथे हा टिकतो आणि डोळ्यात गेला की चोवीस तासात वाट लावू शकतो. २०१९ च्या जानेवारीत जोगेश्वरीच्या महापालिकेच्या ट्रॉमा हॉस्पिटलमध्ये पाच जणांची त्या डोळ्याची दृष्टी गेली, मुंबईत बरीच बोंबाबोंब झाली तेव्हा. त्याच वर्षी इंदूरमध्ये अकरा जणांना झालं. २०२१ च्या नोव्हेंबरात बिहारमध्ये मुझफ्फरपूरला एका दिवसात ६५ ऑपरेशनं केली आणि त्यातल्या डझनाहून जास्त लोकांचे डोळे काढावे लागले, नजर गेली असं नाही, डोळाच काढला, कारण इन्फेक्शन पुढे सरकायची भीती होती.

आणि घुमान. २०१५ च्या एप्रिलमध्ये पंजाबातल्या घुमानला आपलं साहित्य संमेलन झालं, नामदेव महाराजांचं गाव म्हणून, स्पेशल रेल्वे गाड्या भरून लोक गेले. त्याच्या चार-पाच महिने आधी त्याच घुमानमध्ये एका संस्थेचं मोतीबिंदू शिबिर झालेलं आणि पन्नास-साठ लोकांची दृष्टी गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपल्याकडे संमेलनाच्या गडबडीत त्याचं फार काही बोललं गेल्याचं मला आठवत नाही. माझ्या डोक्यात बसलं ते त्यातलं वेगळंच, शिबिर झालं नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि प्रकार बाहेर आला डिसेंबरमध्ये. महिनाभर ती म्हातारी माणसं घरी बसलेली. गरीब माणसं, फुकट ऑपरेशन झालेलं, तक्रार कोणाकडे करणार, आणि "होईल बरं" म्हणणारं घर तिथे पण असणारच.

मुझफ्फरपूरनंतर सगळे तुटून पडले ते ६५ या आकड्यावर, मानवाधिकार आयोगाच्या नोटिशीत पण तो होता. मला तो आकडा अर्धवट वाटतो. मदुराईचं अरविंद हे डोळ्यांचं हॉस्पिटल घ्या, डॉ. व्यंकटस्वामींनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू केलेलं, तिथे एकेक सर्जन दिवसाला कितीतरी ऑपरेशनं करतो आणि इन्फेक्शनचं प्रमाण जगातल्या भल्याभल्या हॉस्पिटलांना लाजवेल इतकं कमी. त्यांनी २०१७ मध्ये सहा लाखांहून जास्त ऑपरेशनांचा हिशोब छापला. ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आतच मॉक्सिफ्लॉक्सासिनचा छोटा डोस सोडायला लागल्यापासून प्रमाण दहा हजारात सातवरून दोनवर आलं. युरोपात २००७ मध्येच दुसऱ्या अँटिबायोटिकवर असाच मोठा अभ्यास झालेला, तिथे पण प्रमाण जवळपास पाचपटीने घटलेलं. तेव्हा जास्त ऑपरेशनं केली म्हणून डोळे जातात असं नाही, जास्त केली आणि प्रत्येक पेशंटला नवीन निर्जंतुक सेट, नवीन नळी, तपासलेली बाटली दिली नाही की जातात. शिबिरं वाईट असं पण मी म्हणणार नाही, आनंदवनात डोळ्यांचे डॉक्टर तात्याराव लहाने सरांची शिबिरं वर्षानुवर्षं झाली आहेत, आणि ती नसती तर किती म्हातारी माणसं आंधळीच गेली असती. फक्त शिबिर तपासणीचं असावं आणि ऑपरेशन नीट ओटीमध्ये व्हावं, शाळेच्या वर्गात टेबलं मांडून नको, आणि ज्यांनी बसने नेलं त्यांनीच परत तपासणीला पण बसने आणावं. हे शेवटचं फार कमी जण करतात. फोटो ऑपरेशनच्या दिवशीचे छापून येतात ना, काळे चष्मे घातलेली रांग आणि मध्ये नगरसेवक.

मला विचारतात काय विचारायचं डॉक्टरांना, तर मी सांगते लाजू नका, विचारा. ऑपरेशनच्या आधी पोव्हिडोन आयोडीनचे थेंब घालता का, ते तपकिरी औषध, चरचरतं, काही पेशंट ओरडतात, पण पाच टक्क्यांचं ते स्वस्तातलं औषध दोन-तीन मिनिटं डोळ्यात राहिलं की पृष्ठभागावरचे जंतू खूप कमी होतात. शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक सोडता का. डोळ्याच्या कोपऱ्यातली अश्रूंची पिशवी तपासली का, कारण तिथे पू असेल आणि डोळ्यातून सतत चिकट पाणी येत असेल तर आधी ते बरं करायला हवं. पापण्यांना कोंड्यासारखी खपली असेल तर ती आधी साफ. शुगर किती. आणि रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलणार, त्या माणसाचा मोबाइल नंबर द्या. चांगला डॉक्टर यातल्या कशावरही चिडत नाही. चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

घरच्या गोष्टी थोडक्यात. थेंब घालायच्या आधी साबणाने हात, बाटलीचं टोक पापणीला टेकवायचं नाही, दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं, आणि उघडलेली बाटली महिन्याने फेकायची, नवऱ्याच्या ऑपरेशनची उरलेली बायकोला वापरायची नाही (हे होतं, खूप होतं, मला बाटली दाखवून विचारतात "चालेल ना?"). डोक्यावरून अंघोळ डॉक्टर सांगतील तोपर्यंत नाही, तोंड ओल्या स्वच्छ कपड्याने पुसायचं, रात्री डोळ्यावर प्लास्टिकची टोपी चिकटवून झोपायचं. काजळ, मध, गुलाबपाणी, एरंडेल, कोणा बाळंतिणीचं दूध, यातलं काहीही नाही, शेजारची काकू कितीही अनुभवी असली तरी. आणि दुसऱ्याच दिवशी डोळा एकदम लाल आणि धूसर झाला तर ती जंतूंशिवायची नुसती सूज पण असू शकते, वापरलेल्या एखाद्या द्रवाची वगैरे, ती स्टिरॉइडने बरी होते. पण ही सूज की इन्फेक्शन हे मी, तुम्ही किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा भाचा नाही ठरवू शकत, ते दिव्याच्या मशिनवर बघूनच कळतं.

आत्याच्या दुसऱ्या डोळ्यात पण मोतीबिंदू आहे आणि तो वाढलाय. दादा नको म्हणतो, आत्या हो म्हणते, "एका डोळ्यानं किती दिस काढू" हा तिचा सवाल, आणि तिचं बरोबर आहे. डॉक्टरांनी आधी पापण्या रोज गरम शेक देऊन साफ करायला लावल्यात, अश्रूंच्या पिशवीचं सिरिंजिंग करून घेतलं, म्हणजे सिरिंजने आत पाणी सोडून बघितलं, पाणी घशात उतरलं म्हणजे वाट मोकळी आहे, शुगर तीन महिन्यांची सरासरी खाली आणायला सांगितलीये. तारीख दिवाळीनंतरची. ऑपरेशननंतरचा आठवडा ती पुण्यात माझ्याकडे राहणार हे ठरलंय, फक्त तिची अट आहे की तिला भांडी घासू द्यायची, त्यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.